धुऊ नका, पुसा! : चामड्याच्या जाकिटाची घरगुती निगा

गेल्या पंधरवड्यात तुमसरहून एका मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते, "ताई, लोकरीचे कपडे, जरीच्या साड्या, तांब्या-पितळेची भांडी, सगळ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत. आता आमच्या घरातल्या नव्या पाहुण्याबद्दल लिहा. ह्यांनी मोटारसायकलवर घालायचं चामड्याचं जाकीट आणलंय. किंमत ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. पावसाळ्यात खुंटीवर टांगून ठेवलं, तर त्यावर पांढरी बुरशी चढली. ह्यांचं म्हणणं, तू बघ काय ते. आता मी ते धुऊ की नको?"

पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि लगेच ते मावळलंही. कारण हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी मला पडायला हवा होता. तो पडलाच नाही. मी सरळ धुऊन टाकलं!

त्याचं असं झालं. आमचे हे भंडाऱ्याहून नागपूरला बुलेटवरून जातात-येतात. साठेक किलोमीटरचा हमरस्ता, ट्रकांची वर्दळ. म्हणून त्यांनी हौसेनं चामड्याचं जाकीट आणि हातमोजे घेतले. दिवाळीच्या साफसफाईत ते जाकीट माझ्या हाती लागलं. कॉलर घामानं काळी पडलेली, बाह्यांवर धूळ, छातीवर चिकटून वाळलेले किडे. पदर खोचला, बादलीत धुण्याची पावडर टाकली, अर्धा तास भिजवलं, कॉलरवर ब्रश मारला आणि गच्चीवर ऑक्टोबरच्या कडक उन्हात वाळत घातलं. संध्याकाळी पाहते तर काय, जाकीट नुसतं पापडासारखं! बाही वाकवली तर कटकन आवाज आला. मग घाबरून अर्धी वाटी खोबरेल तेल चोळलं. मऊ झालं, चकाकलंही. मी मनात म्हटलं, निभावलं.

निभावलं नव्हतं. त्याच हिवाळ्यात परत येताना रस्त्याच्या कडेच्या गिट्टीवरून गाडी घसरली. वेग कमी होता, डोक्याला हेल्मेट होतं, देवाची कृपा. पण कोपरावर जाकीट उभं फाटलं आणि कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. पंधरा दिवस मलमपट्टी चालली. घरात मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. तेच जास्त लागलं.

जाकीट शिवायला म्हणून मी बसस्टँडजवळ बसणाऱ्या मोचीकाकांकडे नेलं. त्यांनी बाही उलटी केली, कोपराच्या घडीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, हे पडून नाही फाटलं. आधीच तडकलं होतं. पाण्यानं यातलं तेल नेलं अन् उन्हानं याले मारलं. टाका घालून देतो म्हणाल तर देतो, पण तो धरणार नाही." पैसे मिळत असताना काम नाकारणारा माणूस खोटं बोलत नाही. त्या दिवशी त्यांच्या शेजारच्या पाटावर बसून मी जे शिकले, आणि नंतर विचारून, वाचून जे समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगते.

चामडं म्हणजे कापड नव्हे

कापड आपण धुतो, पिळतो, वाळवतो. सूत काही बिघडत नाही. चामड्याचं तसं नसतं. चामडं म्हणजे जनावराची कातडी. एकमेकांत गुंतलेल्या बारीक तंतूंची जाळी. कातडी कमावताना कारखान्यात या तंतूंमध्ये मुद्दाम तेल मुरवतात. त्या तेलामुळे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात आणि चामडं लवचीक राहतं. साबणाच्या पाण्यात भिजवलं की तेल निघून जातं. मग उन्हात पाणी झपाट्यानं उडालं की तंतू एकमेकांना चिकटतात, आकसतात. हाच तो पापड!

शिवाय चामडं मुळात किंचित आम्लधर्मी, म्हणजे आंबट गुणाचं असतं. आपला कपड्यांचा साबण, धुण्याची पावडर, सोडा हे सगळे क्षारधर्मी. दोघांचं जमत नाही. रंग उडतो, वरचा थर सैल होतो, चामडं भुरभुरीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या आजोबांच्या कोल्हापुरीला तर खुशाल तेल लावायचे. बरोबर आहे. पण कोल्हापुरीचं चामडं वेगळं. ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, जाड, तेल पिणारं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच जुन्या कसबाचं. मोटारसायकलच्या जाकिटाचं चामडं मात्र बहुतेक क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि त्यावर रंगाचा पातळ थर दिलेला असतो. वहाणेचं औषध जाकिटाला लावलं, तिथेच माझं चुकलं.

आणि एक गोष्ट मनात पक्की करा. हे जाकीट थंडीसाठी नाही आणि ऐटीसाठीही नाही. गाडी घसरली की माणूस रस्त्यावरून फरफटतो, तेव्हा त्याच्या कातडीऐवजी या कातडीनं घासून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. ते काम एखाद-दोन सेकंदांचं असतं. त्या वेळी चामडं लवचीक आणि शिवण शाबूत हवी. तेव्हा आपल्याला जाकीट चकचकीत करायचं नाही, ते जिवंत ठेवायचं आहे.

आधी ओळखा, मग हात लावा

बाजारात "लेदर" म्हणून मिळणारं सगळंच चामडं नसतं. जाकिटाची एखादी न शिवलेली कड किंवा खिशाच्या आतली बाजू उलटून बघा. खाली विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिनसारखं बनावट चामडं. खरं चामडं आतून मखमलीसारखं तंतुमय दिसतं. बनावट चामडं ओल्या फडक्यानं पुसा, झालं. त्याला कुठलंही तेल किंवा मलम मुरत नाही. आपल्या दमट हवेत काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात, त्याला इलाज नाही. आणि अपघातात ते वाचवील या भरवशावर राहू नका.

खरं चामडं असेल तर कॉलरच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर चामड्यावर रंगाचा थर आहे. पुढे सांगते ती पद्धत चालेल. थेंब मुरून काळा डाग पडला तर ते उघडं, नाजूक चामडं. त्याला पाणी अगदी बेताचं. आणि जे मखमलीसारखं लवदार असतं, त्याला पाणी, मलम काहीच लावू नका. मऊ कोरड्या ब्रशनं झटका. डाग असेल तर शाळेतलं साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवा.

पुसायची रीत

लागणारं सामान : दोन-तीन मऊ सुती फडकी (जुन्या धोतराची उत्तम), मऊ केसांचा जुना दातांचा ब्रश, कोमट पाणी आणि चामड्यासाठी मिळणारा साबण. तो गावात मिळाला नाही तर लहान बाळाच्या सौम्य शाम्पूचे चार थेंब वाटीभर पाण्यात चालतील.

आधी सगळे खिसे रिकामे करा. आतलं अस्तर सुटं होत असेल तर काढा. खांदे, कोपर, पाठ इथे जाड रबरासारखे पॅड असतात, तेही काढा. कुठला पॅड कुठला, कोणती बाजू आत, हे आधी बघून ठेवा. हवं तर फोनवर फोटो काढून ठेवा. पॅड ओल्या फडक्यानं पुसून सावलीत ठेवायचे. सुटं अस्तर सौम्य साबणानं हातानं धुवा; घामाचा वास सगळा तिथेच असतो.

मग कोरड्या ब्रशनं शिवणी आणि चेनमधली धूळ झटका. ही पायरी गाळू नका. धुळीवर ओलं फडकं फिरवलं की वाळूकागदासारखं घासलं जातं.

रोवणीच्या दिवसांत संध्याकाळी धानाच्या बांध्यांजवळून गाडी आली की छातीवर किड्यांचा नुसता सडा पडतो. ते नखानं खरवडू नका. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्या जागी दहा मिनिटं ठेवा. किडे भिजून आपोआप सुटतात.

आता फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा. फडकं ओलसर हवं, निथळतं नको. साबण फडक्याला लावायचा, जाकिटाला नाही. एका वेळी वीतभर जागा घ्या, गोल गोल हलका हात फिरवा. कॉलर आणि मनगट इथे दोनदा पुसा. लगेच दुसऱ्या, साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं साबण काढून घ्या. शेवटी कोरड्या फडक्यानं टिपा. आतून पक्कं शिवलेलं अस्तर असेल तर तेही असंच ओलसर फडक्यानं पुसा. घामातलं मीठ आतल्या बाजूनं चामडं खातं, ते वरून दिसत नाही.

आणि हे अजिबात वापरू नका : भांड्यांचा साबण, धुण्याचा सोडा, लिंबू, पेट्रोल, थिनर. वॉशिंग मशीनचं तर नावच काढू नका.

वाळवायचं सावलीत

आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. नवतपात तर पापड, कुरड्या एका दिवसात कडकडीत होतात. म्हणूनच जाकीट उन्हात नको! चुलीजवळ नको, गॅसजवळ नको, केस वाळवायच्या यंत्रासमोर नको. रुंद खांद्याचा हँगर घ्या. नसेल तर साध्या हँगरच्या दोन्ही टोकांना जुना टॉवेल गुंडाळा. घरात, पंख्याच्या वाऱ्याखाली, एक-दोन दिवस सावकाश वाळू द्या. पावसात चिंब भिजून आलेलं जाकीटही असंच वाळवायचं. घाई केली की चामडं आकसलंच.

मलम : थोडं आणि क्वचित

जाकीट पूर्ण वाळलं की चामड्याचं मलम लावायचं. दुकानात त्याला लेदर कंडिशनर म्हणतात. बिनरंगाचं किंवा पांढरं घ्या. बुटांचं रंगीत पॉलिश नको; त्याचा रंग पाठीमागे बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतो. पाठीमागे कोण बसतं, ते तुम्हाला माहीतच आहे!

आधी कॉलरच्या आत लावून एक दिवस थांबा. रंग बदलला नाही तर पुढे चला. रुपयाच्या नाण्याएवढं मलम फडक्यावर घ्या आणि पातळ पसरवा. कोपर, खांदे, कॉलर जिथे जिथे घडी पडते, तिथे जरा जास्त. वीस मिनिटं थांबून कोरड्या फडक्यानं उरलेलं पुसून टाका. हाताला चिकट लागता कामा नये. वर्षातून दोन-तीनदा पुरे : पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर, आणि उन्हाळ्यात जाकीट ठेवणीत टाकाल तेव्हा. बारीक भोकांचं जाळीदार चामडं असेल तर मलम अगदी नावाला. भोकं बुजली की वारा बंद.

घरातली तेलं का नकोत, तेही सांगते. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. आपल्या हिवाळ्यात ते जाकिटावर पांढरट साय धरतं. भरमसाट लावलं तर चामडं ढिलं पडतं, धूळ ओढून घेतं, रंग काळवंडतो. आणि जवसाचं तेल तर मुळीच नको. जवस आपल्याकडचं, घरोघरी असतं म्हणून सांगते. ते तेल हवेत वाळून घट्ट पापुद्रा होतं. चित्रकार रंगात ते घालतात ते याच गुणासाठी. चामड्यावर लावलं की महिन्याभरात तडे.

एक मात्र मनाला समजावून घ्या. कोरडं पडलेलं चामडं मलमानं मऊ होतं. तडा गेलेलं चामडं कुठल्याही मलमानं जुळत नाही. वर तेल लावून मी तो तडा फक्त झाकला होता.

बुरशी आली तर

आता तुमसरच्या मैत्रिणीचा मूळ प्रश्न. आपला जिल्हा तळ्यांचा, धानाचा, वैनगंगेच्या काठचा. वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा दमट हवेत चामड्यावर बुरशी येणारच. घाबरू नका, पण घरात झटकू नका. तिची भुकटी उडून कपाटातल्या साड्यांवर बसते आणि नाकातोंडातही जाते. नाकाला रुमाल बांधा, जाकीट अंगणात न्या, कोरड्या फडक्यानं बुरशी पुसून घ्या आणि ते फडकं टाकून द्या.

मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन फडकं बुडवून घट्ट पिळा. आधी आतल्या बाजूला लावून बघा. रंग सुटला नाही तर सगळीकडे हलक्या हातानं पुसा, आतूनही. साध्या पाण्याच्या फडक्यानं पुन्हा पुसा. दोन दिवस वाऱ्यावर सावलीत वाळवा, मग पातळ मलम. तेव्हा बाई, धुऊ नका, पुसा. हेच तुमच्या पत्राचं उत्तर.

ती पुन्हा येऊ नये म्हणून ठेवायची जागा बदला. खुंटीवर टांगू नका. कॉलर ताणली जाते आणि भिंतीची ओल लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. आत दम कोंडतो. जुन्या सुती साडीची सैल पिशवी शिवून त्यात हँगरसकट ठेवा. लोखंडी कपाट पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडं ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात, त्या टाकू नका, खिशात ठेवा. मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका. कडुनिंबाचा पाला कोणी सांगेल. तो किड्यांसाठी ठीक, ओलीला त्याचा उपयोग नाही. आणि तांदळाच्या कोठीत जाकीट ठेवायचा सल्ला मलाही एकीनं दिला होता. धानाचा जिल्हा असला तरी असं करू नका. जाकीट वाळत नाही, भाताला मात्र चामड्याचा वास येतो!

हातमोजे, बूट आणि हेल्मेट

हातमोजे बहुधा बकरीच्या चामड्याचे असतात, पातळ आणि चिवट. ते स्वतःच्या हातात घालून ओलसर फडक्यानं पुसा, जणू हात धुतोय असे. वाळताना बोटं अधूनमधून दुमडा. चिमटा लावून दोरीवर टांगू नका. तळव्याच्या बाजूला मलम नको. मूठ गाडीच्या दांड्यावरून निसटली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. त्याच कारणानं गाडीच्या सीटलाही तेल-मलम लावू नका.

बूट चिखलानं भरले असतील तर आधी चिखल वाळू द्या, मग झटका. ओल्या बुटांत रद्दीचे बोळे भरा आणि दोन-तीन तासांनी बदला. आतला सुटा तळवा काढून वेगळा वाळवा.

चेन अडकत असेल तर मेणबत्तीचा तुकडा दोन्ही बाजूंनी फिरवा. ताणाताणी केली की चेन निघते, आणि चेन उघडी राहिली तर पडताना जाकीट वर सरकतं.

हेल्मेट चामड्याचं नसलं तरी सोबत येतं म्हणून दोन शब्द. आतली गादी सुटी होत असेल तर सौम्य साबणानं धुवा. बाहेरून नुसतं साबणाचं पाणी. पेट्रोल-थिनरनं प्लॅस्टिक कमकुवत होतं, आणि ते वरून कळतही नाही.

महिन्यातून एकदा शिवण बघा

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि ते आपल्याइतकं चांगलं कोण करणार? ब्लाउजची उसवलेली शिवण आपण लांबून ओळखतो. जाकीट उलटं करून खांदा, कोपर, बगल इथल्या शिवणी दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला, धागा पिंजलेला दिसला, की थेट मोचीकाकांकडे. घरच्या सुईनं शिवू नका. आपल्या सुती धाग्याला तो ताण झेपत नाही, तो ओलीनं कुजतो. त्यांच्याकडे जाड नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा मेण लावलेला धागा असतो. जुन्या भोकांतूनच सुई घालायला सांगा. नवी भोकं पाडली की चामडं तिकिटासारखं टरकतं.

आणि बायांनो, मोचीकाकांशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. चामड्याचं शास्त्र शिकवायला चेन्नईत केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, १९४८ सालची. पण आपल्या चौकात छत्रीखाली बसलेल्या माणसाच्या बोटांतही ते शास्त्र असतं. मला ते त्यांनी फुकट शिकवलं. मी त्यांच्याकडे फार उशिरा गेले, एवढीच माझी खंत.

जाकीट घालून गाडी एकदा पडली असेल तर घरी आल्यावर प्रत्येक पॅड काढून बघा. चेपला, चिरला असेल तर बदला. हेल्मेट आपटलं असेल तर ते वरून कितीही चांगलं दिसलं तरी पुन्हा डोक्यावर नको.

आणि पाठीमागची सीट?

आमचं ते जाकीट पुन्हा रस्त्यावर गेलं नाही. नवं घ्यायला आम्ही दोघं नागपूरला गेलो. दुकानात हे खांदे बघत होते, बाह्या बघत होते, आणि मी आरशात स्वतःकडे बघत होते. साडी, शाल, पायात चप्पल. जाताना ह्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, माझ्या डोक्यावर पदर! इतकी वर्षं मी ह्यांच्या कातडीची काळजी करत होते. त्याच गाडीवर, त्याच गिट्टीवर, त्याच वेगानं मीही जात होते, हे कसं सुचलं नाही?

मैत्रिणींनो, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम हेल्मेट फक्त चालवणाऱ्याला सांगत नाही, मागे बसणाऱ्यालाही सांगतं. आणि १९८९ च्या नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल अशी जाळी लागते. आपण तिला साडीगार्ड म्हणतो. पुष्कळ तरुण मुलं ती जाळी गाडीच्या रूपाला शोभत नाही म्हणून काढून टाकतात. ती परत बसवून घ्या. पदर कमरेला खोचा, ओढणीची दोन्ही टोकं गाठ मारून आत घ्या.

त्या दिवशी मी जाकीट घेतलं नाही, खरं सांगते. तेवढे पैसे नव्हते. पण एक हेल्मेट, एक जाड हातमोज्यांची जोडी आणि बंद बूट घेतले, माझ्या मापाचे. पहिल्या दिवशी शेजारणी हसल्या. आता त्यांतल्या दोघी मला दुकानाचा पत्ता विचारून गेल्या आहेत.

थोडक्यात लक्षात ठेवा

चामडं भिजवायचं नाही, ओलसर फडक्यानं पुसायचं. वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. मलम पातळ, वर्षातून दोन-तीनदा. खोबरेल आणि जवस नाही. बुरशी अंगणात पुसायची, घरात झटकायची नाही. ठेवायचं सुती पिशवीत, रुंद हँगरवर. शिवण महिन्यातून एकदा बघायची. आणि तडा दिसला तर तेलानं झाकायचा नाही, घरात सांगायचा. भले तो आपल्या हातून का गेला असेना!

पुढच्या आठवड्यात आपल्या भंडाऱ्याच्या खास विषयाकडे वळू या : पितळेची भांडी. चिंच, राख की बाजारची पावडर, काय चांगलं? तुमचे अनुभव जरूर कळवा.